काकवीच्या रंगाची शीट

कष्टाने जुळवलेलं गणित कुलपात ठेवायचा हक्क आपल्याला खरंच असतो का?

काल ताई घरच्या बिअरची आखणी करत होती. स्वतः बनवलेल्या एक्सेल शीटमध्ये तिने भाजलेले जव थोडे वाढवले, आणि बिअरचा रंग दाखवणारा चौकोन मधासारखा होता तो काकवीसारखा झाला. पाणीसुद्धा तापलं नव्हतं, तरी मला फेसाचा वास आला.

“अगं, घरी बिअर बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवण्याआधी पासवर्ड टाक. इतक्या बिअर फसल्या तेव्हा कुठे जमलंय हे, लोक फुकटात ढापतील,” भाऊजी म्हणाले.

“ढापू देत की! मला शिकवणाऱ्यांनी कुठे कुलूप लावलं होतं?”

तिने शीट मोकळीच पाठवली. आता कुठल्या अनोळखी स्वयंपाकघरात कुणी आकडे बदलेल, तिची चूकही काढेल, या विचारात मी तरंगत राहिले.

तुमचं जमलेलं गणितही आजच कुणाला तरी देऊन टाका.