पाचव्या चौकोनाच्या पुढं

"बेंबळी गावात तुझं घर कुठं गं?" सरांनी भर वर्गात मला उभं करून विचारलं.

घर कुठं विचारलं की जात कळती. विचारणाऱ्याला तेच पायजे असतं.

फळ्यावर पाच चौकोन होते. सर कंप्युटरच्या सी भाषेतला अ‍ॅरे, म्हणजे एका ओळीत ठेवलेले आकडे, शिकवत होते. चौकोन म्हणजे ओळीतली पाच घरं, पॉइंटर म्हणजे पोस्टमन. पॉइंटर एकनं वाढवला की एक अख्खं घर पुढं जातो, घर केवढंबी असू दे. इथपर्यंत मला सगळं कळलं होतं.

मी म्हणलं, "ओढ्याच्या पल्याड, आमच्या वस्तीत."

"म्हणजे ओळ संपल्यावर," सर हसले. पाचव्या चौकोनाच्या बाहेर खडूनं फुली मारली. "पोस्टमन इथं गेला तर काय मिळतं? गार्बेज. कचरा."

वर्ग हसला. माझ्या बाकावरची मैत्रीणबी हसली. मी खाली बघून फुलीसकट चौकोन वहीत उतरवले. त्या दिवसापासून माझं नाव कचरा पडलं. लॅबमध्ये शेजारी कुणी बसंना.

एकटी बसून मी तेच करून बघायचे. पाच घरांचा अ‍ॅरे करायचा आन् पॉइंटर मुद्दाम पुढं न्यायचा. कंप्युटर अडवत न्हाय. तिथं जे असंल ते छापतो. एकदा तिथनं मीच दुसऱ्या नावानं ठेवलेला आकडा निघाला. बघतच राहिले. कचरा कुठला? तिथंबी कुणाचंतरी काहीतरी असतं. ज्याला त्याचं नाव ठाऊक न्हाय, तो त्याला कचरा म्हणतो.

पुढच्या तासाला सरांनी परत मलाच उभं केलं. "सांग गं कचरा, ओळीच्या पुढं काय?"

"दुसऱ्याचं घर, सर. चूक पोस्टमनची असती. आन् मला माझ्या नावानं हाक मारा."

कुणी हसलं न्हाय. सरांनी खडू ठेवला, हात झटकले. लई हळू आवाजात म्हणाले, "तुझी प्रॅक्टिकल परीक्षा माझ्याकडंच आहे ना?"

मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. मी लॅबच्या दारात दिसले की सर म्हणतात, जागा नाही. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. घरी बापानं माझ्यापुढं हात जोडले. "माफी माग, बाई. नापास झालीस तर मला तुझं लगीनच करावं लागंल."

परवा परीक्षा हाय. भ्या वाटतं. खोटं कशाला बोलू? पण माफी मागणार न्हाय. नापास केलं तर परत बसीन, पण बोहल्यावर चढणार न्हाय. उद्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सरांना समोर बोलवायला लावून, ते मला काय म्हणले ते सांगणार हाय. एकबी शब्द गाळणार न्हाय.