मांडवाखालचा साग

लढाईच्या दिवसांत मी अकोले तालुक्यात जंगलखात्याच्या रोपवाटिकेवर होतो. लढाईसाठी साग तोडून डोंगर बोडका झाला होता आणि तिथं पुन्हा साग लावायचा होता.

मोठे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर आमच्या रेंजरनं वाफ्यांवर कारवीचा दाट मांडव घालायला लावला.

"सावलीत रोपं उंच होतात. साहेबांना उंची दिसली पाहिजे."

"साग उन्हातलं झाड, साहेब," मी रेंजरला म्हणालो. "सावलीत तो उजेडासाठी नुसता लांबतो, खोड धरत नाही."

"तुला विचारलंय का?"

कारवी कमी पडली म्हणून एक वाफा तेवढा उघडा राहिला. त्यातली रोपं बुटकी, पण बोटासारखी जाड झाली. मांडवाखाली मात्र आजाऱ्यासारखी पिवळट, लुळी कांडी वाढत होती. खाली सदा ओल. किती तरी रोपं बुडाशी सडली. उपटायला गेलं की बुळबुळीत साल हातात यायची. तो कुबट वास जेवतानाही बोटांना असायचा.

पाहणीच्या दिवशी रेंजरनं उघड्या वाफ्यावर गोणपाट टाकलं. साहेबांनी लांब रोपं पाहून त्याची पाठ थोपटली, आणि तो असा काही वाकला की मी तोंड फिरवलं.

पावसात तीच लांब रोपं डोंगरावर लावली. मग पावसानं उघडीप दिली. आठवड्याभरात पानं करपली, कांड्या माना टाकून मेल्या. रेंजरनं वर कळवलं, डोंगरावरच्या वाडीतल्या शेळ्यांनी रोपं खाल्ली. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या.

वाडीतली एक म्हातारी माझ्याकडं आली. "दादा, आमच्या शेळ्या त्या अंगाला गेल्याच न्हाईत. तुमी तरी सांगा."

मी डोंगरावरची मेलेली रोपं उपटली आणि ती घेऊन, मोठे साहेब पुन्हा तालुक्याला आले होते, थेट त्यांच्या मुक्कामावर गेलो. "शेळीनं खाल्लं असतं तर शेंडा राहिला नसता. हे बघा, शेंडे आहेत, वाळकी पानंही आहेत. ही सावलीत वाढलेली रोपं एकदम उन्हात टिकली नाहीत."

साहेब चहा पीत होते, रेंजर शेजारी उभा होता. त्यांनी रोपांना हातसुद्धा लावला नाही. "शेळ्या सोडा," ते रेंजरला म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी मांडव आणखी दाट घाला. रोपं अजून उंच हवीत."

"होय साहेब," रेंजर हसून म्हणाला.

शेळ्या सुटल्या, पण दोन करडं कोंडवाड्यातच मेली होती. म्हातारी त्यांना पदरात घेऊन डोंगर चढून गेली. मी त्याच आठवड्यात ती नोकरी सोडली.