लालबागच्या भंगारात आजोबांचा रंधा

जुनी हत्यारं धुंडायला लालबागला कसं जायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. मी गेले ती ट्रामने, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. ट्राम आता नाही, तेव्हा वाट तुमची तुम्ही शोधा. रंधा कसा ओळखायचा ते मात्र माझ्याकडून शिका. गिरगावातल्या सुताराची मुलगी आहे मी!

निमित्त माझ्या लग्नाचं. वैशाखातला मुहूर्त ठरला होता आणि बाबांनी बजावलं होतं, "गोविंदा मांडवात आला तर मी उठून जाईन." गोविंदा म्हणजे माझा धाकटा काका. गणपती होताच तो दादरला वेगळा राहायला गेला आणि त्याच आठवड्यात बाबा सत्याग्रहात पकडले गेले. दिवाळीनंतर सुटून आले, पेटी उघडली, तर आजोबांचा रंधा गायब. काकानेच जाताना नेऊन विकला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मी त्या काकाच्या कडेवर वाढलेली. त्याच्याशिवाय बोहल्यावर चढायचं? छे!

चैत्रात शेजाऱ्यांनी सांगितलं, तसा रंधा लालबागला भंगारात पाहिलाय. दुसऱ्या सकाळी घरी थाप मारून मी ट्राम धरली. नवे पैसे नुकतेच आले होते, त्यामुळे कंडक्टर आणि उतारू सुट्ट्यावरून हमरीतुमरीवर. भिंतीभिंतीवर चुन्याने 'झालाच पाहिजे'.

दादरला काकाला उठवलं. "तुझ्या बापाला कळलं तर तंगडं मोडेल!"

"माझं की तुझं?"

"माझंच गं बये!" म्हणत त्याने चपला घातल्या.

परळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भाकरी खाल्ली. पोट भरल्याशिवाय भंगारात शिरू नका, माणूस उपाशीपोटी काहीही उचलतो. तिथून लालबागपर्यंत चालत.

दुकानात हत्यारांचा ढीग. भंगारवाल्या चाचांनी रंधा पुढे केला. "एकदम विलायती, बाई. शंभर बरस पुराना!"

"पातं विलायती, चाचा. लाकूड इथलं सागवान आहे." पात्यावर नुसतं 'कास्ट स्टील' असेल तर ते जुनं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर त्यामानाने नवं. आणि धारेवर जाऊ नका, धार कुणीही लावतं. पातं घट्ट धरणारी पाचर काढा आणि आतला कोपरा बघा, कारण तिथे कुणी पुसत नाही.

मी पाचर काढली. वर आजोबांच्या नावाचं अक्षर ठोकलेलं होतंच. आत काळपट पडलेला बाबांच्या अंगठ्याचा कुंकवाचा ठसा. खंडेनवमीला हत्यारं पुजताना बाबा एकच ठसा लावतात. पण त्याच्यावर, अजून लाल, ओळीने पाच ठिपके होते.

पाच बोटांनी कुंकू लावते ती आई. गेल्या खंडेनवमीला बाबा तुरुंगात, मी आजोळी मालवणला, म्हणून पूजा तिने केली होती. म्हणजे दसऱ्याला रंधा घरीच होता आणि काका तर गणपती होताच गेला होता.

काकानेही ठिपके पाहिले. मग चाचांना पैसे देऊन रंधा माझ्या पिशवीत घातला. "वहिनीचं नाव घेऊ नकोस. घरात खायला काय होतं तेव्हा? मी लग्नाला नाही आलो तरी चालेल."

"मला चालणार नाही!" मी भर रस्त्यात रडले. काका नाक्यावरूनच परतला.

घरी रंधा बाबांसमोर ठेवला. "कुठे विकला होता त्याने?" बाबा कडाडले. आई स्वयंपाकघरातून आली. रंधा बघितला, देव्हाऱ्याकडे गेली, करंडा आणला. पाचर काढली आणि जुन्या ठिपक्यांशेजारी पाची बोटं टेकवली. तसेच पाच ठिपके उठले.

"मी विकला. धाकटी पोरं दोन दिवस पेजेवर होती. सांगायची लाज वाटली, आणि भावजींवर आळ आला तरी गप्प बसले."

बाबा रंध्यावरून नुसता हात फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "माझ्या चपला कुठायत? दादरची ट्राम असेल ना अजून?"

लग्नात अक्षता वाटायला काकाच उभा होता. आता रंधा माझ्याकडे आहे. खंडेनवमीला मी त्याला पाच बोटं लावते.