सुरक्षा पथकानं धरलेली माणसं

बोईसरच्या आमच्या कॉलेजातलं विद्यार्थी सुरक्षा पथक म्हणजे किश्श्यांची खाण! चार पोरं डोळे वटारून गेटवर उभी केली की रोज काहीतरी घडणारच. कँटीनमध्ये एकीनं सुरुवात केली की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. खरे चोर किती पकडले, ते मात्र विचारू नका.

*

पथक निघालं ते सुनीतामुळे. ती आतल्या डोंगराकडच्या पाड्यावरची, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. स्टेशनच्या रस्त्यावर एक बाईकवाला तिच्या मागे लागायचा. घरी कळलं, तसं बापानं बजावलं, "परत कायपण कानावर आलं, तर कॉलेज बंद!" आमचं डोकंच फिरलं. छळणार तो आणि शिक्षण बंद हिचं? हा कुठला न्याय!

पहिल्या मीटिंगला पथकाच्या सरांनी विचारलं, "कोणी अंगावर आलं, तर आधी काय करायचं?"

आम्ही हेल्पलाइनचे नंबर आठवत बसलो. आमची पथकप्रमुख हेमा सातपाटीची, आई मासळी विकते. ती म्हणाली, "आधी बोंबलायचं!"

"बरं. आणि मग?"

"मग काय, सर? तो थांबतोय होय!"

आणि तिनं करून दाखवलं. वरच्या मजल्यावरचं लेक्चर थांबलं.

*

जयेश तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतला. गेटवर पास दाखवूनच घरी जायची लहानपणापासूनची सवय! त्याला आयकार्ड तपासायला उभं केलं, तर पहिल्याच दिवशी त्यानं प्रिन्सिपल मॅडमना अडवलं.

"अरे, मी प्रिन्सिपल आहे!"

"हो मॅडम, पण कार्ड?"

कार्ड नेमकं घरी राहिलेलं. "मग तुम्हाला ओळखणारं कोणी?" मॅडमनी वॉचमन काकांकडे बोट दाखवलं. ड्युटीवर डुलकी काढली म्हणून मॅडमनी आदल्याच दिवशी काकांना झापलं होतं. काकांनी मॅडमना नीट न्याहाळलं.

"चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटतोय खरा!"

*

मध्यंतरी मुलींच्या कॉमन रूममधून डबे गायब व्हायला लागले. हेमा म्हणाली, "कॅमेरा नको, काय नको. उद्या मी डबा आणते."

आणला. सुक्या बोंबलाची झणझणीत चटणी! डबा गेला, आणि आम्ही नाक वर करून निघालो. वास थेट लायब्ररीच्या मागच्या खोलीत. तिथं आमचे एक क्लार्क, बोटं चाटताना!

आम्ही म्हटलं, आता प्रिन्सिपलकडे चला. ते हात जोडून म्हणाले, "प्रिन्सिपलकडे न्या, पोलिसांकडे न्या. पण बायकोला सांगू नका. श्रावण चालू आहे हो!"

*

आम्ही मुलींना घोळक्यानं स्टेशनपर्यंत सोडायला लागलो, आणि तो बाईकवाला दिसेनासा झाला. पण मग एक नवीनच माणूस मागे यायला लागला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. सुनीताला कळू दिलं नाही. उगाच घरी काही गेलं, तर पोरीचं कॉलेज सुटायचं! तिला पुढे चालवायचो आणि मागे आम्ही.

एक दिवस हेमा गर्रकन वळली आणि तिनं त्याची कॉलरच धरली. "कोणाच्या मागं येतंस रे? बोल!" मग जी बोंब ठोकली! आम्ही सगळ्यांनी त्याला घेरलं. रिक्षावाले धावत आले. "दीदी, पुलिस को बुलाऊं क्या?"

झटापटीत टॉवेल सुटला. तेवढ्यात सुनीता पळत मागे आली आणि जागीच थिजली.

"अगं, बाबा हाय तो माजा!"

संपलं सगळं! ज्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, त्यालाच भर रस्त्यात धरलेलं. हेमा तर कॉलर सोडायचंच विसरली.

बाप म्हणाला, "बघाया येत व्हतो. पोर नीट जाते का नाय. नायतर घरी न्यायची व्हती."

सुनीताचे डोळे भरून आले होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आमच्या घोळक्याकडे पाहिलं, मग हेमाकडे.

"कॉलर सोड आता, बाय. नाय नेत तिला."