दोन मिनार आणि एक गाऱ्हाणं

आखातातल्या अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात आम्ही ठेकेदाराची माणसं. ऐंशीनंतरची ती वर्षं. नीट पत्रक लिहिलं की जग सरळ होतं, अशी माझी खात्री आहे. तेव्हा तर शंकाही नव्हती.

आमच्या गवंडीकाकांची रजा अडली होती. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आणि पासपोर्ट आमच्या पुणेरी इंजिनियरसाहेबांच्या कपाटात. साहेब रोज म्हणायचे, "इंशाल्ला." आमच्या कॅम्पात त्याचा अर्थ 'नाही' असा होता. मी तीन पानी पत्रक काढलं. साहेबांनी शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दाखवून ते परत केलं.

आणि रजेऐवजी दिली काय, तर सहल! शुक्रवारी, आमच्या एकुलत्या सुट्टीला, बसमध्ये कोंबून शेकडो वर्षांपूर्वीची मशीद बघायला नेलं. दोन मिनार, छप्पर गेलेले खांब, एक म्हातारा राखणदार. कंपनीच्या मासिकाला 'आनंदी कामगारां'चा फोटो हवा होता ना!

"इतिहास बघा जरा," साहेब पुणेरी थाटात म्हणाले. "इथला दगड बोलतो."

"मगे माझ्या रजेचा काय, ता इचारा तेका," काका पुटपुटले.

मग त्यांनी चपला काढल्या, भिंतीबाहेरच उभं राहून हात जोडले आणि खड्या आवाजात, गावच्या देवळात घालतात तसं, थेट गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा! परमुलखात तुझ्या दाराशी इलंव..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"माझ्या चेडवाचा लगीन जवळ इला. सायबान रजा अडवल्यान हा. तेका सुबुद्धी दी आणि माका घराक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता.

पुणेरी साहेब आमच्याच तळकोकणातले निघाले! इतकी वर्षं चापूनचोपून झाकलेलं गाव एका हाकेसरशी तोंडातून बाहेर. गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणायचं की नाही, हे तिकडच्या माणसाच्या हातात नसतंच.

राखणदाराला काय कळलं कोण जाणे. तळवे वर करून तो म्हणाला, "इंशाल्ला." त्याचा अर्थ मात्र 'होय' असाच वाटला.

"अहो, ते आपलं सवयीनं..." साहेब चष्मा पुसू लागले.

"देवाच्या दारात व्हय म्हटल्यात, सायबांनू. आता शबुद फिरवू नकात."

शनिवारी पासपोर्ट मिळाला. मासिकातल्या फोटोखाली छापून आलं: 'कंपनीच्या भरभराटीसाठी प्रार्थना करताना कामगार.' आणि माझ्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती? लेकीसाठी घेतलेल्या कपबश्या काकांनी त्यांत गुंडाळून नेल्या. म्हणाले, "कागद बरो आसा हां तुझो."