खालचे दोन कप्पे

आमच्या वसाहतीतल्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात मी ‘माझी आवडती पुस्तकं’ या विषयावर चार पानं लिहावीत, असं पत्र आलं. पत्रात माझा उल्लेख ‘ज्यांनी आपला ग्रंथसंग्रह समाजाला अर्पण केला असे ग्रंथप्रेमी’ असा आहे. वाचून मी पत्र चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं, कारण त्या बिचाऱ्या कार्यकारिणीचा काय दोष? हे वाक्य मीच त्यांच्या तोंडी घातलंय. एकोणीस वर्षं ते ऐकून मी मान लववून हसत आलो. आता मला त्या हसण्याची शिसारी येते. खाली लिहिलेलं स्मरणिकेला चालणार नसेल तर छापू नका, पण त्यातला एक शब्द बदलू नका.

मी वाचणारा माणूस नाही. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं, म्हणून लोकांनी तसं गृहीत धरलं आणि मी धरू दिलं. माझ्याकडे शब्दकोश होते, सत्कारात मिळालेले जाड ग्रंथ होते, त्यांतल्या काहींची पानं अजून एकमेकांपासून सुटलेली नाहीत. वाचायची ती माझी बायको.

ती लासूर स्टेशन या गावची. लग्न होऊन चिकलठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली सात-आठ पुस्तकं होती. पुढं भिशीत नंबर लागला की बाकीच्या बायका पातेली नाहीतर साडी घ्यायच्या, ही पुस्तकं आणायची. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घालायची, छापील बाजू आत. दुपारी दोन ते चार तिचे. उन्हाळ्यात कूलरसमोर पाय लांब करून, मांडीवर गूळ-शेंगदाण्याची वाटी, आणि पुस्तक. त्या दोन तासांत दार वाजलं तर ती आतूनच ओरडायची, “घरी कुणी नाही!”

पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर ती दोन-तीन ओळी लिहायची. पुस्तक कसं वाटलं हे त्यात क्वचितच असे. ‘आज कूलरला नवा वाळा. शेवटचं प्रकरण मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं, ते संपवलं.’ असलं काहीतरी. एकदा कॉलेजातली मंडळी घरी आली असताना मी असंच एक पान उघडून मोठ्यानं वाचलं. “ऐका आमच्या मंडळींची समीक्षा! ‘लासूरला गाडी दोन तास लेट. कुणी शोधायला आलं नाही. फलाटावर पुस्तक पुरं झालं. लई बरं वाटलं.’”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “सर, वहिनींना कॉलेजात पाठवा, तुम्ही घरी बसा.” ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं कप वाटले. त्यानंतर ती पेन्सिलीनं, अगदी बारीक लिहायला लागली. काय लिहिते हे मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पाहावंसं वाटलंही नाही.

मग माझी एकसष्टी आली. शेजाऱ्यानं, जो आज वाचनालयाचा अध्यक्ष आहे, माझी ग्रंथतुला करायची ठरवली. एका पारड्यात मी, दुसऱ्यात पुस्तकं, आणि तोललेली पुस्तकं नव्या वाचनालयाला भेट. घरोघर फिरून त्यानं पुस्तकं जमवली. लाकडाच्या वखारीतला मोठा काटा आणून त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. मी रेशमी कुडत्यात मांडी घालून पारड्यात बसलो. आणि काटा हलेना.

“सर, पंधरा-वीस किलो कमी पडू लागलेत,” तो माझ्या कानाशी म्हणाला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “सर, सकाळचा उपमा नडला!” मांडव हसला. माझे पाय बधिर झाले होते, कान तापले होते. मी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

“आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे. खालचे दोन कप्पे घेऊन ये. खालचेच.”

वरचे तीन कप्पे माझे होते. सोनेरी अक्षरांचे ग्रंथ, आल्यागेल्याच्या नजरेत भरणारे. खालच्या दोनमध्ये तिची कॅलेंडरच्या कव्हरातली पुस्तकं होती. मी गोंधळलो नव्हतो. क्षणभर विचार केला आणि मग ‘खालचेच’ म्हणालो. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

ती पहिल्या रांगेत औक्षणाचं ताट घेऊन बसली होती. तो स्कूटरवरून दोन पिशव्या घेऊन आला आणि पुस्तकं पारड्यात रचू लागला. कव्हरं दिसताच ती उठून उभी राहिली. ताट कलंडलं, कुंकू तिच्या साडीवर सांडलं. काटा बरोबरीला आला, टाळ्या झाल्या, सनई लावली गेली. मग तिची पाळी होती म्हणून तिनं पुढं येऊन मला ओवाळलं.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “माझी पुस्तकं कशी गेली?”

“अगं, मी त्याला वरचे कप्पे सांगितले होते. गडबडीत त्यानं खालचे उचलले.”

“मग उद्या परत मागा.”

“इतक्या माणसांसमोर तोललेली पुस्तकं परत मागू? मला तोंड दाखवायला जागा ठेव.”

ती साडीवरचं कुंकू धुवायला गेली. त्या दिवसापासून त्या शेजाऱ्याला तिनं घरात घेतलं नाही. मी आत बसलेलो असलो तरी दारातूनच सांगायची, “भावजी, ते नाहीत घरी.” पंधरवड्यानं त्यानं मला रस्त्यात गाठलं. “सर, वहिनी माझ्यावर का नाराज आहेत? काही चुकलं का?” मी म्हणालो, “तिचा स्वभावच आहे. मनावर घेऊ नको.” आणि भाजी घ्यायला निघून गेलो.

यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. चष्मा आला त्या दिवशी ती म्हणाली, “लासूरच्या फलाटावर वाचलं होतं ते पुस्तक पाहिजे.” मी म्हणालो, नवं आणतो. ती म्हणाली, “नवं नको. चला.”

वाचनालयात एका काचेच्या कपाटाला कुलूप होतं. वर माझा फोटो. आत तिची पुस्तकं, कव्हरं काढून टाकलेली.

“काकू, ही इश्यू होत नाहीत,” ग्रंथपाल मुलगी म्हणाली. “सरांची भेट आहे ना. जपून ठेवलीत.”

“एकोणीस वर्षांत कुणीच वाचली नाहीत?”

“कुणीच नाही. एकदम नव्यासारखी आहेत बघा.” तिला वाटलं, आम्हाला आनंद होईल.

बायकोनं अध्यक्षांना निरोप पाठवला. तो सत्तरीचा माणूस गुडघे धरत आला. हिनं त्याला बसूही दिलं नाही.

“भावजी, डोळे माझे गेले होते का तुमचे? यांनी वरचे कप्पे सांगितले अन् तुम्ही खालचे उचलले? इतकं कळत नव्हतं व्हय तुम्हाला?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचं बंद दार त्याला त्या क्षणी समजलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि तो भला माणूस म्हणाला, “चुकलं वहिनी. गडबड होती तेव्हा.”

मला त्याचाच संताप आला. त्याच्या भलेपणाचा. मी टेबलावर हात आपटला. “काही चुकलं नाही याचं! मी खालचे सांगितले होते. दोनदा सांगितलं, खालचेच. माझे वाचवायला तुझी दिली, आणि वर खोटं बोललो!”

वर्तमानपत्र वाचणारे दोघे वळून पाहू लागले. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. त्याच्याकडे पाहत म्हणाली, “भावजी, तुमची आई गेली तेव्हा मी समोरच्या घरात असून आले नाही.” आणि तिनं नवा चष्मा काढून हातात घेतला.

तो घाईघाईनं म्हणाला, “वहिनी, सगळी पुस्तकं आजच घेऊन जा. ठराव-बिराव मी बघतो.”

“नको. मेंबर करा मला. सगळ्यांना देता तशी दोन-दोन द्या. अन् कुलूप काढा त्याचं, दुसऱ्यांनाही वाचू द्या.”

फॉर्मवर पतीच्या नावाचा रकाना होता. तो तिनं मोकळा सोडला. ग्रंथपाल मुलीनं विचारलं, “काकू, हे राहिलं.” ती म्हणाली, “राहू दे.”

घरी येऊन तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. त्यावर वाचनालयानं तारखांची चिठ्ठी चारी कडांनी घट्ट डकवली होती. सगळी कोरी, फक्त त्या दिवसाचा एक शिक्का. तिची अक्षरं खाली गेली होती. मी ओलं फडकं आणलं. तिनं पुस्तक ओढून घेतलं. “शाई आहे ती. पसरेल.”

“बाकीच्यांत काय लिहिलं होतंस?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

“तुम्हाला सांगायला नव्हतं लिहिलं.”

आता दर आठवड्याला ती रिक्षानं एकटी जाते आणि दोन पुस्तकं बदलून आणते. मला पिशवी धरू देत नाही. काल अध्यक्ष आले होते. दोघं ओट्यावर बसली होती. कुठल्याशा पुस्तकाच्या शेवटी आपण काय लिहिलं होतं, ते ती त्यांना सांगत होती, आणि दोघं हसत होती. मी दारात आलो तशी ती मध्येच थांबली. मी आत जाईपर्यंत थांबून राहिली. मग पुढचं सांगितलं.