माझं झालं म्हणेपर्यंत

मला बोलणारी माणसं सहन होत नाहीत. मी गणिताची बाई. उत्तर काय आलं ते सांग, बाकीचं मी वहीत बघते, असं मी मुलांना सांगते आणि घरी नवऱ्यालाही. तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची नेमकी नागरिकशास्त्राच्या बाईंना मिळाली, हा माझ्यावर झालेला अन्यायच म्हणायचा.

मुलं त्यांना कलमबाई म्हणायची. त्यांच्या पाठीमागे आम्हीही तेच म्हणायचो. कुणी पाणी प्यायला उठलं तरी या बाईंना त्यात घटनेचं एखादं कलम दिसायचं. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांनी तोंड उघडलं की कुणाला तरी तास आठवायचा, कुणाचा फोन वाजायचा, आणि चित्रकलेच्या सरांना तर उगाचच ब्रश धुवायचे असायचे. बाई अर्धं वाक्य तोंडात ठेवून डब्याचं झाकण लावायच्या. मी उठून जायचे नाही, एवढंच. पण मी वह्या तपासायचे, आणि वह्या तपासणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. मी फळ्यावर समीकरण मांडायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "बागेच्या दारावरचा रखवालदार तुमचे कपडे बघून म्हणतो, तू आत जायचं नाहीस. बाग सरकारची. आता काय कराल?" पोरं ओरडायची, "भिंतीवरून उडी मारू." मग बाई शांतपणे विचारायच्या, "उडी मारून तू आत जाशील. तुझ्यामागे जी म्हातारी उभी आहे, तिचं काय?" दुसऱ्या दिवशी दुसरंच काही, "पोलीस रस्त्यात थांबवून म्हणतो, मोबाइल उघडून दाखव. एका गल्लीत रोज पाणी येतं, शेजारच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा." असलं रोजचं काहीतरी त्या वर्गात आणून टाकायच्या आणि घटनेचं पुस्तक शेवटी उघडायच्या. आमच्या वेळी आम्ही हक्क पाठ करायचो, जसे पाढे. या बाईंकडे पोरं हक्कांवरून भांडायची. माझ्या वर्गातली पोरंही कान तिकडे लावून बसायची, आणि मी पार्टिशनवर डस्टर आपटायचे.

त्या वर्गात एक खुर्ची होती. एक हात तुटलेली, अडगळीच्या खोलीतली. शिपाईमामांनी खिळे मारून ती उभी केली होती. वर्गात नकाशा फाटला, कुणाची छत्री गेली, कुणी कुणाला ढकललं, की ज्याच्यावर आळ त्याला त्या खुर्चीत बसवायचं. नियम एकच. बसलेला माणूस स्वतःच्या तोंडानं 'माझं झालं' म्हणत नाही तोवर मध्ये कुणी बोलायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही. शिक्षा करण्याआधी ऐकून घ्यावं लागतं हा मोठा कायद्याचा मुद्दा, तो त्या अशा मोडक्या खुर्चीवर शिकवायच्या. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. नकाशा फाटला तो फाटला.

त्यांच्या वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती, फारशी न बोलणारी. एकदा पार्टिशनपलीकडून तिचा आवाज आला.

"बाई, आपलं कुणीतरी ऐकावं असा हक्क असतो का?"

कलमबाई नेहमी प्रश्नावर प्रश्न विचारायच्या. त्या दिवशी त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"तुला शिक्षा करायची असेल तर असतो. तेव्हा ऐकावंच लागतं. एरवी नाही. बोलायचा हक्क सगळ्यांना आहे, पण समोरच्यानं थांबून ऐकावं असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही."

मी मनात म्हटलं, चला, एकदाचं दोन ओळींत उत्तर आलं.

चष्मेवालीनं ते उत्तर घरी नेलं. शाळेतून यायला उशीर झाला म्हणून बापानं मोबाइल काढून घेतला आणि महिनाभर मैत्रिणींकडे जाणं बंद, असं सांगितलं. तर ही पोरगी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, शिक्षा करताय ना? मग आधी माझं ऐकायचं. मी झालं म्हणेपर्यंत मध्ये बोलायचं नाही." बापाचं टायरचं दुकान, नाकावर राग. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुख्याध्यापकांच्या खोलीत.

"पोरीला शिकायला पाठवतो मी, वकिली करायला नाही. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून मला सांगते मध्ये बोलू नका."

हा गृहस्थ संस्थेच्या अध्यक्षांच्या रोजच्या फिरण्यातला. मुख्याध्यापकांचं तर नेहमीचंच, कुणी जोरात शिंकलं तरी ते माफी मागायचे. त्यांनी लगेच तोड काढली. कलमबाईंचा विषय काढून चित्रकलेच्या सरांना द्यायचा, ते प्रश्नोत्तरं लिहून देतील, आणि बाईंनी वाचनालय सांभाळायचं. आमच्या वाचनालयात दोन कपाटं आहेत आणि एक घड्याळ. तिथे दिवसभरात कुणी येत नाही. म्हणजे या बाईंचं बोलणं जिथे कुणीतरी पुरतं ऐकायचं ती एकच जागा होती, आणि तीच जाणार होती. हे मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

पण त्या कलमबाईच. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "विषय काढून घेणं ही शिक्षा आहे. आधी माझं ऐका."

मंगळवारी शाळा सुटल्यावर ऐकायचं ठरलं. अध्यक्ष, मुख्याध्यापक, टायरवाले, आणि शिक्षकांतर्फे मी. मी, कारण बाकी सगळ्यांनी कानावर हात ठेवले. बाईंनी शिपाईमामांकरवी ती मोडकी खुर्ची मागवली. अध्यक्ष हसले. म्हणाले, "बसा मॅडम, तुमच्याच नियमानं घेऊ. तुम्ही झालं म्हणेपर्यंत आम्ही गप्प." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बाई बसल्या. आरोपाचं उत्तर त्यांनी चटकन संपवलं. "घटना सरकारला बांधते, बापाला नाही, हे मी पहिल्याच तासाला शिकवते. घरात मूल विनंती करू शकतं, तशीच तिनं केली. तिच्या वडिलांचा अपमान झाला असेल तर मला वाईट वाटतं. पण मी शिकवलं ते चूक नाही."

अध्यक्षांनी मान हलवली आणि पेन उचललं. मुख्याध्यापक खुर्ची मागे सरकवायला लागले. पण बाईंनी 'माझं झालं' म्हटलेलं नव्हतं. त्या पुढे बोलायला लागल्या.

"माझी आई शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होती. तिची वाचा गेली होती. मी संध्याकाळी घरी गेले की पलंगाशी बसून तिला वर्गातलं सगळं सांगायची. कुणी काय विचारलं, मी काय म्हटलं. कळलं असेल तर ती एकदा डोळे मिटायची. नाही कळलं तर दोनदा. मग मी परत सांगायची."

टायरवाल्यांनी घसा खाकरला. अध्यक्षांनी त्यांना बोटानंच थांबवलं. शब्द दिला होता ना.

"पलंग भाड्याचा होता. आई गेल्यावर नेला त्यांनी. फरशीवर त्याच्या चाकांचे चार डाग आहेत. मी अजून तिथेच खुर्ची टाकून बसते. भाऊ परदेशात आहे, रविवारी फोन करतो. बोल, ऐकतोय, असं म्हणतो, आणि मागे टीव्ही चालू असतो. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या मागे कामं असतात. कर्ज घ्या म्हणून सांगणाऱ्या मुलींचे फोन येतात, त्यांचं मात्र मी शेवटपर्यंत ऐकते. व्याजदर, मुदत, सगळं. मग मी विचारते, तुमची नोकरी किती तासांची असते? की ती फोन ठेवते."

मला हसू आलं, आणि लगेच नकोसं झालं. इतकी वर्षं शेजारी बसून यातला डाग मला माहीत नव्हता, पलंग माहीत नव्हता. मला माहीत होतं ते एवढंच, की बाईंचा डबा स्टीलचा आहे.

त्या बोलत राहिल्या. रडत नव्हत्या, तक्रारही करत नव्हत्या. बँकेतलं काम घरबसल्या होतं, तरी रांगेत उभ्या राहतात, कारण खिडकीतला माणूस 'कशा आहात' विचारतो. आणि उत्तर देईपर्यंत पुढच्याला बोलावतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारीण मोबाइलमध्ये बघत असते. चार मजल्यांत काय सांगून होतं, पण सुरुवात तरी. बाहेर अंधारायला लागलं, तशी अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून हात जोडले.

"मॅडम, मला निघायला हवं. तुमचं झालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग पुढच्या मंगळवारी राहिलेलं घेऊ. निर्णय त्यानंतर."

तो आठवडा कलमबाई वेगळ्याच दिसत होत्या. विषय जाणार की राहणार याचा घोर त्यांना असायला हवा होता. तो आम्हालाच लागून राहिला होता. त्या मात्र डबा पुरता संपवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भावाचं लग्न झालं तेव्हाचं सांगायचं राहिलं. ते आधी घ्यावं की आईचं दुखणं?" मी म्हटलं, "बाई, ती चौकशी आहे, गप्पांचा फड नव्हे." त्या म्हणाल्या, "हो, हो," आणि विचार करत बसल्या.

मंगळवारी त्या कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक हात चोळत स्टाफरूममध्ये आले.

"अभिनंदन, बाई. तक्रार मागे घेतली. विषय तुमच्याकडेच राहणार. टायरवाले म्हणाले, परत मंगळवारी दुकान बंद ठेवून एवढं ऐकत बसायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा पोरीचं घरी ऐकून घेतो, ते लवकर संपतं."

स्टाफरूममध्ये हशा पिकला. चित्रकलेच्या सरांनी तर टाळी वाजवली, प्रश्नोत्तरं लिहायची त्यांची मेहनत वाचली होती. सगळे बाईंकडे बघून हसत होते. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं,

"म्हणजे आज संध्याकाळी नाही?"

"आता कशाला? जिंकलात की तुम्ही."

"माझं थोडं राहिलं होतं."

"अहो, आता आरोपच नाही, तर ऐकायचं काय?" मुख्याध्यापक म्हणाले, आणि गेले. कुणाला तास आठवला, कुणाचा फोन वाजला. कलमबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मला त्यांच्याकडे बघवेना. लढाई जिंकलेलं माणूस इतकं एकटं दिसतं हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, पण आला.

शाळा सुटली. मी पार्टिशनपलीकडच्या वर्गात गेले. बाई फळा पुसत होत्या. ती खुर्ची परत जागेवर आली होती.

"बाई," मी म्हटलं, "माझी तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

त्या वळल्या. "काय केलं मी?"

"आपण शेजारी बसायला लागल्यापासून तुम्ही माझ्या टेबलावरचे खडू उचलता. पांढरे, आणि लांब असतील तेच. याची शिक्षा व्हायला हवी. मोठी शिक्षा. मी अजून ठरवलेली नाही."

हातातलं डस्टर त्यांनी खाली ठेवलं.

"शिक्षा करायची असेल तर आधी ऐकावं लागेल."

"म्हणून तर आलेय," मी म्हटलं आणि पहिल्या बाकावर बसले. वह्या घरी न्यायच्या होत्या, त्या पायाशी ठेवल्या.

बाई खुर्चीत बसल्या. कपडे सारखे केले. "खडू मी घेते," त्या म्हणाल्या, "ते मला मान्य आहे." आणि लगेच पुढे, "भावाचं लग्न ठरलं, तेव्हा आम्ही दुसऱ्या घरात राहायचो..."

किती वेळ गेला मी बघितलं नाही. शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात येऊन उभे राहिले.

"बाई, कुलूप लावायचंय. झालं का तुमचं?"

कलमबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शिपाईमामांना म्हटलं, "त्यांचं झालेलं नाही, मामा. सुनावणी चालू आहे. तुम्हीही बसा."

मामा मागच्या बाकावर बसले आणि किल्ल्या त्यांनी मांडीवर ठेवल्या.